परसबाग आणि कीटकनिरीक्षण : एक उपयुक्त छंद

छंद हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या मनात शहरातील रिकाम्या वेळेचा विचार येतो. शेतकऱ्याला आधीच श्रम थोडे नाहीत, त्यात आणखी छंद कशाला, अशी शंकाही घेतली जाते. परंतु घराजवळच्या चार वाफ्यांत भाजीपाला लावणे आणि त्यावर येणाऱ्या कीटकांचे बारकाईने निरीक्षण करणे, हा छंद निराळ्या स्वरूपाचा आहे. त्यापासून मनाला विरंगुळा तर मिळतोच, शिवाय शेतातील एक महत्त्वाचा निर्णय अधिक शहाणपणाने घेता येतो. पिकावर औषध फवारावे की न फवारावे, हा तो निर्णय होय.

कीटकांचा अभ्यास हे केवळ प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांचे काम नव्हे. फ्रान्समधील झां आंरी फाब्र (१८२३-१९१५) हे शाळेत शिकविणारे गृहस्थ. १८७९ पासून ते दक्षिण फ्रान्समधील एका खडकाळ जागेवर राहावयास गेले आणि तेथील कीटकांच्या निरीक्षणात त्यांनी उरलेले आयुष्य घालविले. त्यांच्या निरीक्षणांचे दहा खंड प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्थाही निसर्गाची हौस असलेल्या आठ जणांच्या पुढाकारातून उभी राहिली. नीट पाहण्याची सवय आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त, एवढेच भांडवल या छंदाला लागते.

परसबागेची आखणी

निरीक्षणासाठी मोठी जागा लागत नाही. विहिरीजवळ किंवा घरामागे तीन-चार वाफे पुरेसे आहेत. त्यांत वांगी, चवळी, लाल भोपळा व दोडका लावावा. कडेने झेंडू लावावा आणि कोथिंबिरीची काही रोपे न कापता फुलावर येऊ द्यावी. कोथिंबिरीच्या बारीक फुलांवर मधासाठी अनेक उपयुक्त माश्या व गांधीलमाशीच्या जातीचे लहान कीटक येतात. कुंपणाजवळ कागदी लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे एखादे झाड असावे. या वाफ्यांत विषारी औषधे फवारू नयेत. फवारल्यास पाहण्यासारखे काही उरणार नाही.

भोपळ्याची फुले पहाटे उमलतात, तर दोडक्याची सायंकाळी. दोहोंतही नर व मादी फुले वेगवेगळी असतात. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते, नर फुलाच्या देठाशी ते नसते. नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत मधमाश्यांसारखे कीटक पोहोचवितात. ते न आल्यास लहान फळ पिवळे पडून गळते. भोपळ्याच्या फुलांवर सकाळी मधमाश्या वावरताना ज्याने पाहिल्या, तो त्या वेळी फवारणी करण्यास धजणार नाही.

दिसण्यात सारखे, वागण्यात वेगळे

वांग्याच्या पानांवर तांबूस रंगाचे, काळ्या ठिपक्यांचे, अर्धगोल भुंगेरे आढळतात. त्यांची व त्यांच्या अळ्यांची उपजीविका पानांवर चालते. पानाचा हिरवा भाग खरवडून खाल्ल्यामुळे पान जाळीदार होते. हा शत्रू होय. परंतु अशाच आकाराचा दुसरा भुंगेरा चवळी, करडई वा मोहरीवर मावा पडला असता दिसतो. तो व त्याची अळी पान खात नाहीत, तर मावा खातात. यास ढालकिडा म्हणतात, व तो शेतकऱ्याचा मित्र आहे.

दोहोंतील फरक ओळखणे कठीण नाही. पान खाणाऱ्या भुंगेऱ्याची पाठ बारीक लव असल्यामुळे निस्तेज दिसते व तीवर ठिपके पुष्कळ असतात. ढालकिड्याची पाठ चकचकीत असते, व त्याच्या सर्वपरिचित जातीवर सातच ठिपके असतात. पान खाणारी अळी पिवळसर असून तिच्या अंगावर फाटे फुटलेले काटे असतात. ढालकिड्याची अळी लांबट, करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची व चपळ असते. तिचे रूप भीतिदायक असल्याने हीच कीड समजून तिला मारले जाते. अशा रीतीने मित्रालाच शत्रू ठरवून त्यावर फवारणीचा खर्च होतो.

मावा मात्र लवकर वाढतो, कारण त्याची मादी नराविनाही थेट पिलांना जन्म देते. म्हणून मित्रकीटक नष्ट झाल्यास मावा पुन्हा उचल खातो, आणि दुसरी फवारणी करावी लागते. माव्याच्या थव्यात काही किडे फुगलेले, तपकिरी व निश्चल दिसतात. त्यांच्या पोटात लहान परोपजीवी कीटकाची अळी वाढत असते. पूर्ण वाढ झाल्यावर तो कीटक गोल छिद्र पाडून बाहेर पडतो. असे किडे व ढालकिडे बऱ्याच संख्येने आढळल्यास फवारणीची घाई न करता दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहणी करावी.

कडेला पडीक जागेवर गाजर गवत असल्यास त्याचीही पाने पाहावी. हे परदेशी तण १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले. त्याचा नाश करण्यासाठी मेक्सिकोतून भुंगेरे भारतात आणले गेले. फिकट पाठीवर गडद नागमोडी रेघा असलेला हा भुंगेरा पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतो. त्याला मारू नये.

बरणीतील अळी

मुलांसाठी लिंबावरील फुलपाखराची अळी पाळणे हा उत्तम पाठ आहे. ती लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पुढे हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंगासारखे इंद्रिय बाहेर येते व उग्र वास सुटतो. रुंद तोंडाच्या बरणीत ताजी पाने व एक काडी ठेवून तोंडावर विरळ कापड बांधावे. पाने रोज बदलावी. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरू होण्यास सुमारे एक महिना लागतो. एखाद्या वेळी फुलपाखराऐवजी बारीक परोपजीवी कीटक बाहेर पडतात. निसर्गात किडीचे नियंत्रण कसे होते, हे मुलांना त्यावरून आपोआप कळते.

बरणीसाठी औषधाचे रिकामे डबे कधीही वापरू नयेत. केसाळ अळ्या व हिंगे उघड्या हाताने धरू नयेत, कारण त्यांच्यामुळे अंगाला खाज सुटते किंवा फोड येतात.

नोंदवही

तारीख, पीक, कोठे व किती कीटक दिसले, ते काय करीत होते, एवढे लिहिले तरी पुरे. दोन-तीन हंगामांच्या नोंदी जमल्यावर आपल्या गावात कोणती कीड केव्हा येते, हे ध्यानात येऊ लागते.

या सवयीचा उपयोग नव्या किडीच्या वेळी विशेष होतो. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते, आणि शेपटीजवळ चार काळे ठिपके चौकोनात असतात. अळी मक्याच्या पोंग्यात खोल शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून पानांवर पहिली खिडकीसारखी पारदर्शक खरवड दिसताच जो ती ओळखतो, त्याचेच पीक वेळीच सावरते.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेच्या आवारात असा एखादा वाफा करवून घ्यावा. आठवड्यातून एकदा मुले व शेतकरी यांना एकत्र जमवून कीटकांची ओळख करून द्यावी. जो कीटक ओळखता येणार नाही, तो पानासह डबीत घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे न्यावा. ओळख पटेपर्यंत फवारणीचा सल्ला देऊ नये. शेतकरी बंधूंनीही पंप पाठीवर घेण्यापूर्वी पान उलटून पाहण्याचा परिपाठ ठेवावा. या छंदाला खर्च नाही. मात्र त्याच्या अभावी होणारा खर्च दर हंगामात सोसावा लागतो.