साठीनंतर गिरनार : पहिल्या पायरीआधीचे चार महिने

पावसाळा ओसरू लागला की दत्तभक्तांच्या अनेक घरांत एक संभाषण होते. आजोबा म्हणतात, "यंदा गिरनारला जायचेच. पादुकांचे दर्शन एकदा तरी पायी घ्यायचे आहे." सून दबकत म्हणते, "बाबा, तुमचे गुडघे..." मुलगा म्हणतो, "डोली करू." आजोबा वर्तमानपत्र उघडतात आणि विषय तिथेच थांबतो.

यात कोणाचेच चूक नसते. आजोबांची ओढ खरी असते आणि मुलांची काळजीही खरी असते. मात्र 'जायचे की नाही' या प्रश्नाआधी 'तयारी किती झाली आहे' हा प्रश्न विचारायला हवा. तो विचारला, तर चर्चा भावनेवरून शरीराकडे वळते आणि उत्तरही सापडू लागते. आपण स्वतः जाणार असाल किंवा घरातील ज्येष्ठांना नेणार असाल, तर हा लेख दोघांनी मिळून वाचावा.

वाट कशी आहे?

सौराष्ट्रात जुनागढजवळ असलेल्या गिरनारला सुमारे दहा हजार पायऱ्या आहेत. साधारण निम्म्या वाटेवर अंबाजीचे मंदिर लागते. ऑक्टोबर २०२० पासून तिथवर रोपवे जातो. त्यामुळे अनेकांना वाटते, 'आता काय, रोपवेने गेले की झाले.' पण अंबाजीपासून पुढची वाट पायीच आहे. गोरक्षनाथांच्या शिखरापर्यंत चढ, तेथून उतार आणि मग दत्तशिखराचा पुन्हा चढ. म्हणजे थकलेल्या पायांना परतीच्या वाटेवरही चढावे लागते. तयारी करताना हे विसरू नये.

आधी वैद्यकीय तपासणी

प्रवासाच्या किमान चार महिने आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंडाचे कार्य आणि ईसीजी यांची माहिती त्यांच्यासमोर असावी. मधुमेह, जुना हृदयविकार किंवा चालताना छातीत जडपणा येण्याची तक्रार असेल, तर पुढील तपासणी काय करावी हे डॉक्टरच ठरवतील. "जरा दम लागतो, वय झाले" असे म्हणून ही तक्रार लपवू नये. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयाचा त्रास छातीत न दुखता केवळ दम, मळमळ किंवा विलक्षण थकवा या रूपातही प्रकट होऊ शकतो.

औषधांविषयी मोकळेपणाने विचारावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर चालण्याने एकाएकी उतरू शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी लवकर कमी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे नाडी मोजून श्रमाचा अंदाज घेणे फसवे ठरते. वजन उतरू लागले की औषधांच्या मात्राही बदलाव्या लागतात. हे बदल स्वतःच्या मनाने करू नयेत.

खुर्चीची परीक्षा

घरीच एक सोपी चाचणी करून पाहावी. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या सरळ खुर्चीवर बसावे आणि हात छातीवर घडी घालून ठेवावेत. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. शेजारी कोणीतरी उभे असावे. ६५ ते ६९ या वयात पुरुषांची संख्या १२ पेक्षा आणि स्त्रियांची ११ पेक्षा कमी असेल, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे असे समजावे. याचा अर्थ गिरनार कायमचा दुरावला असा नव्हे, सुरुवात कुठून करायची ते कळले एवढाच. हा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा आणि दर महिन्याला पुन्हा मोजावे.

वजन उतरवावे, ताकद नव्हे

वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे गुडघ्याच्या संधिवाताच्या स्थूल रुग्णांच्या अभ्यासात आढळले आहे. हजारो पायऱ्यांच्या वाटेवर चार-पाच किलोंचा फरकही किती मोठा असेल, याची कल्पना यावरून येते.

पण साठीनंतर वजन घटवण्यात एक धोका आहे. केवळ जेवण तोडून वजन उतरवले, तर चरबीसोबत स्नायूही झिजतात. घटलेल्या वजनात साधारण पाव वाटा स्नायूंसारख्या उपयुक्त भागाचा असू शकतो. काटा खाली आला म्हणून आपण आनंदतो आणि पायऱ्यांवर मात्र मांड्या थरथरतात. म्हणून उपवासांचा सपाटा नको. आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही गती पुरे. आपण आधीच सडपातळ असाल तर वजन कमी करण्याचा विचारच करू नये. प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर ती आनंदाची गोष्ट नव्हे; डॉक्टरांना दाखवावे.

कपात करायची ती साखरेच्या चहात, फरसाण आणि बेकरीच्या पदार्थांत, रात्रीच्या दुसऱ्या वाढीच्या भातात. प्रथिने मात्र वाढवावीत. ज्येष्ठांना दिवसाकाठी प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने मिळावीत असे तज्ज्ञ सुचवतात. ६० किलोंच्या व्यक्तीला ६० ग्रॅम. आपल्या नेहमीच्या वरण-भात-पोळीच्या ताटात हा आकडा सहसा गाठला जात नाही. एक अंडे, पेलाभर दूध किंवा मूठभर फुटाणे यांतून प्रत्येकी साधारण सहा ग्रॅम मिळतात. म्हणून वरण घट्ट असावे, सकाळी मुगाचे धिरडे किंवा अंडे, दुपारी वाटीभर उसळ आणि दही, संध्याकाळी फुटाणे, रात्री पिठले किंवा पनीर अशी वाटणी करावी. मासे खाणाऱ्यांचे काम सोपे आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने किती घ्यावीत हे डॉक्टरांनाच विचारावे.

चार महिन्यांचा सराव

पहिला महिना सपाट रस्त्याचा. रोज २० मिनिटांपासून सुरुवात करून ४० मिनिटांपर्यंत जावे. चालताना दोन वाक्ये बोलता यावीत पण गाणे म्हणता येऊ नये, हा वेग योग्य. त्यासोबत आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि ओट्याजवळच एका पायावर दहा सेकंद उभे राहणे हे व्यायाम करावेत. तोल सांभाळण्याचा सराव अनेकजण टाळतात, पण पायरीवर ऐनवेळी तोच उपयोगी पडतो.

दुसऱ्या महिन्यात जिना सुरू करावा. पहिल्या आठवड्यात दोन मजले, पुढे हळूहळू वाढ. येथे एक चूक सर्रास होते. लोक जिना चढतात आणि लिफ्टने खाली येतात. त्यामुळे फुप्फुसांचा सराव होतो, पण उताराचा होत नाही. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचे वजन पेलावे लागते. सराव नसेल तर या श्रमानेच दुसऱ्या दिवशी पाय धरतात आणि गुडघे बोलू लागतात. म्हणून उतरण्याचा सरावही वाढवावा. कठड्याला धरून, सावकाश, पाऊल पूर्ण टेकवून. गुडघ्यात तीव्र वेदना किंवा सूज आली तर थांबावे.

तिसऱ्या महिन्यात खऱ्या पायऱ्यांकडे वळावे. पुण्याच्या वाचकांना पर्वती आहेच. तेथील पायऱ्या शंभराहून थोड्याच अधिक आहेत. नाशिककडच्यांना सप्तशृंगगडाच्या सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. जे बूट घालून जाणार तेच आता घालावेत, आणि हातात काठी घेण्याची सवय आताच लावावी. पाठीवर पाणी, औषधे आणि शाल एवढे ओझे असावे.

चौथ्या महिन्यात परीक्षा घ्यावी. एका सकाळी, वाटेत विश्रांती घेत, दोन हजार पायऱ्या चढून आणि उतरून पाहाव्यात. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे चालता आले, तर रोपवेने अंबाजीपर्यंत जाऊन पुढची वाट पायी धरण्याचा विचार करता येईल. तेवढे जमले नाही, तर सराव आणखी वाढवावा किंवा पुढची वाट डोलीने करावी. शेवटचे चार-पाच दिवस हलके चालणे पुरे.

चढाईच्या दिवशी

ऊन चढण्याआधी निघावे. उपाशीपोटी चढू नये. थोडे पोहे किंवा उपमा आणि केळे खावे. पाणी घोटघोट प्यावे. मधुमेहींनी खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात. औषधे सामानाच्या गाठोड्यात नकोत, स्वतःजवळ असावीत. सोबतच्या तरुणाने चढताना मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे, म्हणजे तोल गेला तर आधार देता येतो. गती ज्येष्ठांचीच असावी.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, भोवळ, बसल्यावरही न थांबणारा दम, यांपैकी काहीही झाले तर तिथेच बसावे, सोबत्याला सांगावे आणि लगेच मदत मागवावी. "थोडेच राहिले आहे" हे वाक्य अशा वेळी उच्चारू नये.

परतीचा निर्णय आधीच

कुठल्या परिस्थितीत माघारी फिरायचे, हे पायथ्याशी येण्याआधी घरीच ठरवावे. "अमुक वाजेपर्यंत गोरक्षनाथ गाठला नाही तर परत" इतके ते स्पष्ट असावे, आणि ते ज्येष्ठांनीच आपल्या तोंडाने सांगावे. म्हणजे वाटेत मुलाने थांबवले तर तो आज्ञाभंग किंवा अपमान वाटत नाही. आजोबांचाच शब्द पाळला जातो. मुलांनीही डोलीचा उल्लेख हार म्हणून करू नये. अर्धी वाट पायी आणि अर्धी डोलीने झालेले दर्शनही दर्शनच असते.

समजा, यंदा अंबाजीपर्यंतच जाणे झाले. तरीही या चार महिन्यांत आलेली ताकद आपल्यापाशी राहते. न्हाणीघरात पाय न घसरणे, जमिनीवरून आधाराविना उठता येणे, नातवाला उचलून घेता येणे, ही कामे त्याच मांड्या आणि त्याच पोटऱ्या करतात. म्हणून गिरनारचे नक्की होवो न होवो, आज संध्याकाळी खुर्ची भिंतीला लावून घरातील कोणाला तरी घड्याळ धरायला सांगावे आणि पहिला आकडा वहीत लिहावा.