संपामुळे पेन्शन मिळाली का?

समजा, रिसोडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत एक सर ऑक्टोबर 2005 मध्ये लागले, दुसरे नोव्हेंबरमध्ये. पहिल्यांना जुनी पेन्शन, दुसऱ्यांना अंशदायी योजना! या फरकाविरुद्ध राज्य कर्मचारी संघटनांनी 14 मार्च 2023 पासून सात दिवस संप केला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रापाठोपाठ राज्यानेही एकीकृत पेन्शन योजना मंजूर केली: 25 वर्षं सेवा झाली, तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन.

मग हे संघटनांचं यश म्हणायचं? थांबा. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभा निवडणूकही होती. ‘आधी संप, नंतर लाभ’ एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. संप झाला नसता तर काय झालं असतं, हा तुमचा खरा संशोधन-प्रश्न. उत्तरासाठी संप न झालेली राज्यं तुलनेला घ्या.