नवा फोन आणि मुकी घंटा

आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरीदारी सर्वजण अक्का म्हणतात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या दगडी वाड्यात एकट्या राहतात. त्यांचे चिरंजीव कॅनडात टोरांटोस असतात. २०२४ च्या दसऱ्यास त्यांनी आईसाठी नवा फोन घेवविला, आणि जुन्या फोनवर रोज सायंकाळी होणारे मायलेकरांचे बोलणे त्याच दिवसापासून बंद पडले. भाचा तिकडून व्हॉट्सॲपवर फोन लावी, इकडे घंटा वाजत नसे. साधा फोन लावावा तर त्या भिंतींआड मोबाईलची रेंज पोहोचत नाही. आपण होऊन फोन करणे अक्कांच्या स्वभावात नाही. तो समजे, आई आजारी आहे. त्या समजत, मुलगा बदलला. चौथ्या दिवशी भाच्याने घाबरून आम्हांस फोन केला. आम्ही जाऊन पाहतो तो अक्का रुसून बसलेल्या, फोनवर वायफायचे पट्टे पूर्ण भरलेले, आणि व्हॉट्सॲप उघडताच आत न उचललेल्या नऊ फोनांची रांग!

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांचे मुलगे-मुली आज दूरदेशी आहेत. तेव्हा असा प्रसंग इतरांवरही येत असणार. म्हणून त्या दिवशी जे शोधले व पुढे जे समजून घेतले, ते येथे सांगतो.

सर्वांत मोठी फसगत करतात ते हे पट्टे. ते एवढीच ग्वाही देतात की, हातातील फोन व घरातील राऊटर यांच्यामध्ये लहरी नीट येत-जात आहेत. राऊटरच्या पलीकडे तार तुटली असेल, किंवा फोनच्या आतच घंटेला मनाई झाली असेल, तरी पट्टे बापडे भरलेलेच राहतात. बोलणे ही लांब साखळी आहे. कोणती कडी निखळली हे पाहिल्यावाचून वाटेल ती बटणे दाबीत सुटणे व्यर्थ होय.

नवा फोन वायफायला जोडलाच जात नसेल, तर बहुधा पासवर्डातील लहान-मोठे अक्षर चुकलेले असते. जोडणी एकदा ‘विसरावयास’ सांगून पासवर्ड पुन्हा घालावा. फोनची तारीख-वेळ चुकलेली असली तर जोडणी होऊनही कित्येक अॅप्स चालत नाहीत, कारण सुरक्षेची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात. काही वसतिगृहांत नोंदलेल्या फोनांनाच प्रवेश देतात. तेथे नवी अडचण येते. अँड्रॉइडने २०१९ पासून व आयफोनने २०२० पासून वायफायपुढे आपला खरा ओळख-क्रमांक न देता बनावट क्रमांक देण्याची सोय केली आहे. गोपनीयतेसाठी ती उत्तम. परंतु दारावरचा पहारेकरी अशा पाहुण्यास ओळखत नाही. तेवढ्या जोडणीपुरता खरा क्रमांक देण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते.

आता भिंतींविषयी. ग्वाल्हेरच्या दगडाचे कौतुक आम्हीही करतो, पण वायफायच्या लहरींना तो फार जड जातो. राऊटर साधारणतः दोन तऱ्हेच्या लहरी सोडतो, २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या वेगाने कमी, पण भिंतीतून अधिक जातात. दुसऱ्या चपळ, परंतु एक-दोन भिंतींतच दमतात. म्हणून माजघरात वा मागच्या खोलीत बसून बोलणाऱ्याने पहिलीचा आश्रय करावा. मात्र मायक्रोवेव्ह शेगडीही २.४ च्याच आसपास चालते, तेव्हा ती शेजारी सुरू असेल तर बोलणे तुटते. तार ओढणारा कारागीर राऊटर जेथे ठेवून जातो ती जागा त्याच्या सोयीची असते, आपल्या नव्हे. राऊटर घराच्या मध्यावर, उंच फळीवर, उघडा ठेवावा. लोखंडी कपाटामागे किंवा शोभेसाठी पडद्याआड ठेवू नये. फारच जाड भिंती असल्यास आत तार नेऊन दुसरे यंत्र बसविणे हाच उपाय.

पट्टे भरलेले, परंतु काहीच उघडत नाही, अशा वेळी घरातील दुसरा फोन त्याच वायफायवर पाहावा. दोन्ही बंद असतील तर दोष बाहेरचा. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही; मग तक्रार नोंदवून स्वस्थ बसावे. आपलाच फोन रुसला असेल तर तो एकदा बंद-चालू करावा, आणि व्हीपीएन चालू राहिले आहे काय ते पाहावे.

“आमचे कनेक्शन शंभर एमबीचे, तरी आवाज तुटतो कसा?” असे कित्येकजण विचारतात. बोलण्याला वेग फारसा लागत नाही, नियमितपणा लागतो. आवाजाचे साधारण वीस-वीस सहस्रांश सेकंदांचे तुकडे करून, म्हणजे सेकंदास पन्नास, ते एकामागून एक पाठविले जातात. उशिरा पोहोचलेला तुकडा निरुपयोगी, कारण त्याची वेळ निघून गेलेली असते. पत्र दोन दिवस उशिरा आले तरी वाचता येते. शब्दाचा अर्धा भाग उशिरा आला तर टाकूनच द्यावा लागतो. त्याच वेळी घरातील दुसरा फोन लग्नाचे शेकडो फोटो वर चढवीत असला की तुकडे खोळंबतात. चित्र बंद करून नुसते बोलावे, पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. आपल्याला आपलाच आवाज परत ऐकू येत असेल, तर दोष बहुधा पलीकडच्याचा असतो. त्यास स्पीकर बंद करावयास सांगावे. आपण ऐकतो, पण आपले कोणी ऐकत नाही, असे झाल्यास मायक्रोफोनची परवानगी पाहावी, आणि कव्हराने खालचे बारीक भोक बुजले नाही ना, तेही.

अक्कांच्या फोनात मात्र यांपैकी काहीच नव्हते. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक नवे अॅप सूचना देण्यासाठी प्रथम परवानगी मागते. फोनने विचारले, अक्कांनी ‘नको’ दाबले. का? तर “अनोळखी काही विचारले की नको म्हणावे,” असा उपदेश त्यांना आम्हीच केला होता! शिवाय बॅटरी वाचविण्यासाठी फोनने व्हॉट्सॲपला झोपविले होते. सेटिंग्जमध्ये अॅप्स, त्यात व्हॉट्सॲप, तेथे सूचनांना परवानगी व बॅटरीपुढे ‘अनिर्बंध’, एवढे करताच पुढची घंटा खणखणीत वाजली.

एक सोय आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नाही. व्हॉट्सॲपखेरीज आपल्या नेहमीच्या क्रमांकाचे फोनही घरच्या वायफायवरून येऊ-जाऊ शकतात. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. फोन त्या जातीचा असेल तर सिमच्या सेटिंग्जमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करावे. दगडी वाड्यात राहणाऱ्यांस याहून मोठा दिलासा नाही.

मात्र संकटसमयीचा ११२ व्हॉट्सॲपवरून लागत नाही, तो साध्या डायलवरूनच लावावा. वाड्यात रेंज कोठे मिळते, गच्चीत की चौकात, ते आधीच पाहून ठेवावे. तसेच फोन बिघडला म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकास फोन करून कोणाच्या सांगण्यावरून अॅप उतरवू नये व ओटीपी देऊ नये. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० वर कळवावे. नेटवर्क सेटिंग्ज पूर्ववत् केल्याने वायफायचे पासवर्ड व इतर जोडण्यांच्या नोंदी पुसल्या जातात; ‘फॅक्टरी रिसेट’ने मात्र फोनमधील सर्वच जाते, नातवंडांच्या फोटोंसह.

हे सारे आम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले, तो अक्कांनी देवघराच्या दाराआड चिकटविला आहे. भाच्याचा फोन आता सायंकाळी साडेसातला येतो, आणि दोन घंटा होईपर्यंत त्या मुद्दाम उचलीत नाहीत.