गुळांतील व बेदाण्यांतील गंधक : त्याचे गुण व दोष

गुळाची ढेप सौद्यास आली कीं व्यापारी प्रथम तिचा रंग पाहतो. ढेप फोडून कण पाहणें, चव घेणें हें सर्व मागाहून. गूळ पिंवळाधमक असला म्हणजे बोली चढते, तांबूस असला म्हणजे उतरते. आणि आपला गूळ चवीला सरस असूनही केवळ रंगापायीं कमी दरानें गेला, असा अनुभव ज्यास आला नाहीं असा गुऱ्हाळवाला विरळा. या एका कारणानें गुऱ्हाळावर हायड्रॉस नांवाच्या पांढऱ्या भुकटीचा डबा येऊन बसला आहे. तिकडे तासगांव-सांगली भागांत बेदाण्याच्या शेडमध्यें गंधकाची धुरी दिली जाते, तिचेंही एक कारण रंगच होय. दोन्ही मालांत शेवटीं जें उरतें तें एकाच जातीचें द्रव्य, म्हणजे गंधक जाळल्यावर जो उग्र वायु निघतो तो सल्फर डाय-ऑक्साइड, किंवा त्याचे सल्फाइट नांवाचे क्षार. तथापि या दोन गोष्टी एका मापानें मोजूं नयेत असें आम्हांस वाटतें, आणि तें कां, हें येथें सांगावयाचें आहे.

अन्नांत बाहेरचें द्रव्य घालणें म्हणजे विष कालविणें, असें मानणारे लोक आहेत. कायद्यानें ज्यास मनाई नाहीं तें कितीही घालावें, असें मानणारेही आहेत. दोघांचाही विचार अपुरा आहे. लोणच्यांतील मीठ व तेल हींही माल टिकविण्यासाठींच घातलेलीं द्रव्यें आहेत, आणि मीठसुद्धां प्रमाणाबाहेर गेलें तर रक्तदाब वाढवितें. द्रव्य कशाकरितां घातलें, तें स्वच्छ व खाण्यायोग्य प्रतीचें आहे काय, आणि खाणाऱ्याच्या तोंडांत किती जातें, एवढ्या गोष्टी कळल्यावांचून बरें-वाईट ठरवितां येत नाहीं.

प्रथम बेदाण्याची गोष्ट घेऊं. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा बारीक थर असतो, म्हणून आंतलें पाणी लवकर सुटत नाहीं. त्यासाठीं दर लिटर पाण्यांत सुमारें २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट व १५ मिलिलिटर इथाइल ओलिएट, म्हणजे ज्यास आपण डिपिंग ऑइल म्हणतों तें, घालून त्या द्रावणांत घड कांहीं मिनिटें बुडवितात व मग शेडमधील जाळ्यांवर पसरतात. दहा-पंधरा दिवसांत माल वाळतो. या काळांत द्राक्षावर दोन संकटें असतात. एक म्हणजे सालीखालील किण्वद्रव्यांचा हवेशीं संयोग होऊन मणी तपकिरी पडतो. दुसरें संकट बुरशीचें. तें अधिक गंभीर आहे, कारण कांहीं बुरशींपासून ऑक्राटॉक्सिन नांवाचें विष तयार होतें. तें मूत्रपिंडास अपाय करतें, व एकदां मालांत उतरलें म्हणजे धुऊन किंवा शिजवून नीट जात नाहीं. ऐन वाळवणींत अवकाळी पाऊस आला म्हणजे हें भय वाढतें. गंधकाचा वायु या दोन्ही संकटांस आळा घालतो, यीस्ट व बुरशी यांची वाढ रोखतो, किडीस पिटाळतो, आणि फळांतील क जीवनसत्त्वाचा नाशही कांहीं अंशीं टाळतो. म्हणजे येथें गंधक केवळ शोभेकरितां नाहीं. तें मालाचें रक्षण करतें, आणि तें अजिबात न वापरल्यास खाणाऱ्याचें नुकसान होण्याचा संभव आहे, हें आधीं कबूल केलें पाहिजे.

आतां दुसरी बाजू. पोटांत गेलेल्या सल्फाइटचें निरोगी शरीर काय करतें? यकृत, मूत्रपिंड इत्यादि ठिकाणीं सल्फाइट ऑक्सिडेज नांवाचें एक किण्वद्रव्य असतें. तें सल्फाइटचें सल्फेट करतें आणि सल्फेट लघवीवाटे निघून जातें. डाळीदुधांतील प्रथिनें पचतांनाही आपल्या शरीरांत थोडें सल्फाइट रोज उत्पन्न होत असतें, म्हणून त्याची विल्हेवाट लावण्याची सोय निसर्गानें केलेली आहे. परंतु सर्वांची प्रकृति सारखी नसते. दम्याच्या रोग्यांपैकीं कांहींजणांस सल्फाइट थोडेंसें पोटांत गेलें, किंवा त्याचा वायु नाकांत गेला, तरी छाती आवळून येते व श्वास लागतो. अमेरिकेंत भोजनगृहांतून कच्च्या पालेभाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्यांवर सल्फाइट शिंपडीत. त्यापायीं दम्याचे कांहीं रोगी दगावल्यावर तेथील सरकारनें १९८६ सालीं कच्च्या खावयाच्या फळांवर व भाज्यांवर त्याचा वापर बंद केला, आणि दर दहा लाख भागांत दहा किंवा अधिक भाग सल्फाइट असल्यास वेष्टनावर तसें छापण्याची सक्ति केली. आपल्या देशांतही वेष्टित मालावर याच प्रमाणास सल्फाइटचा उल्लेख करावा लागतो. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कारण दम्याचा रोगी पुडीवरील अक्षरें वाचूं शकतो, पण सुट्या ढेपेवर त्याला वाचण्यासारखें कांहींच नसतें.

सल्फाइट ब-१ जीवनसत्त्वाचाही नाश करतें. म्हणून अमेरिकेंत मांसांत व त्या जीवनसत्त्वाकरितां खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांत तें घालण्यास मनाई आहे. गूळ किंवा बेदाणा हीं ब-१ चीं मुख्य साधनें नव्हत, आपणांस तें ज्वारी-बाजरी व डाळी यांतून मिळतें; तेव्हां हा दोष येथें लहान समजावा.

किती खाल्लें तर चालेल, याचें एक माप संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक व आरोग्यविषयक संघटनांच्या तज्ज्ञसमितीनें १९७४ सालीं दिलें : शरीराच्या दर किलोस दररोज ०.७ मिलिग्रॅम. साठ किलो वजनाच्या गड्यास यावरून दिवसाला ४२ मिलिग्रॅम येतात. आपल्याकडील १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत गुळास दर दहा लाख भागांत ७० व बेदाण्यास ७५० भाग अशी मर्यादा घातलेली होती. ते नियम जाऊन आतां २००६ च्या कायद्याखालील नियम लागू आहेत. देशोदेशींच्या मर्यादाही निरनिराळ्या असून मधून मधून बदलतात, म्हणून परदेशीं माल पाठवितांना त्या वेळची मर्यादा विचारून घ्यावी. पण हिशोब समजण्यास हे आंकडे पुरेसे आहेत. ७० भागांचा गूळ दिवसांत ५० ग्रॅम खाल्ला तर साडेतीन मिलिग्रॅम पोटांत जातात. हें मोठ्या माणसास कांहींच नाहीं. आतां पंधरा किलो वजनाचें पोर घ्या. त्याची मर्यादा साडेदहा मिलिग्रॅम. ७५० भागांचा बेदाणा त्यानें अवघा १४ ग्रॅम, म्हणजे लहानशी मूठभर, खाल्ला कीं ती मर्यादा पुरी झाली. कायद्याच्या मर्यादेंतील माल असूनही ही स्थिति आहे. बेदाणा पौष्टिक म्हणून पोरांच्या खिशांत भरणाऱ्या आपणां सर्वांस हा हिशोब ठाऊक असावा. बेदाणा पाण्यानें धुतल्यास व भिजवून तें पाणी टाकून दिल्यास सल्फाइट कांहीं अंशीं कमी होतें. सांठवणींतही तें हळूहळू उतरतें. युरोपांतील अन्नसुरक्षा प्राधिकरणानें तर २०२२ सालीं, पुरावा अपुरा आहे म्हणून, तेथें तात्पुरतें चालू ठेवलेलें ०.७ चें माप काढून घेतलें आणि जे लोक सल्फाइटयुक्त पदार्थ पुष्कळ खातात त्यांच्याविषयीं काळजी व्यक्त केली. तेव्हां आजचें माप कायमचें समजूं नये.

या वादाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे व त्यांत शेतकरीही गुंतलेला आहे. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनीं १९०२ सालीं तरुण स्वयंसेवकांची एक पंगत बसविली आणि त्यांच्या जेवणांत टांकणखार, गंधकाम्ल वर्गांतील सल्फ्युरस ॲसिड वगैरे द्रव्यें क्रमाक्रमानें घालून परिणाम टिपून ठेवले. वर्तमानपत्रांनीं त्या मंडळीस ‘विषपथक’ असें नांव दिलें. १९०६ चा शुद्ध अन्नाचा कायदा होण्यास या प्रयोगांचें मोठें साहाय्य झालें. पुढें सुक्या फळांतील गंधकावर बंधन येऊं लागतांच कॅलिफोर्नियांतील बागाईतदारांनीं जोराची हरकत घेतली, आणि १९०८ सालीं इरा रेमसेन यांच्या अध्यक्षतेखालीं तज्ज्ञांचें मंडळ नेमावें लागलें. बागाईतदारांची बाजू अगदींच खोटी नव्हती, कारण धुरीवांचून त्यांचे जर्दाळू काळे पडत. परंतु पिकविणाऱ्याच्या सोयीवरून खाणाऱ्याची मर्यादा ठरवावी काय, हा प्रश्न तेव्हांपासून जो उभा आहे तो आहेच.

गुळाकडे वळलें म्हणजे मात्र आमचें मत बदलतें. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या धंद्यांत निळीसारखे रंग विरघळविण्यास व कापडाचा रंग उतरविण्यास तें वापरतात. उकळत्या रसांत पडतांच त्याचें विघटन होऊन सल्फाइट वगैरे द्रव्यें होतात व रसाचा काळसरपणा निघून जातो. आधण उतरावयाच्या जितकें जवळ तें घालावें, तितकें तें वाफेबरोबर कमी जातें व गुळांत अधिक राहतें. यांत टिकाऊपणाचा लाभ किती? बेदाण्यांत जें रक्षणाचें काम आहे तें येथें जवळजवळ नाहीं. गूळ टिकतो तो त्यांतील साखरेच्या प्रमाणानें, पाण्याच्या कमतरतेनें व कोरड्या सांठवणीनें. शिवाय हायड्रॉसनें आलेला रंगही उसना असतो. हवेशीं संबंध येतां येतां तो मावळतो, आणि सौद्यांत पिंवळी दिसलेली ढेप वखारींत कांहीं महिन्यांनीं काळवंडते. व्यापारी हें जाणतो. तरी रंगालाच पैसे देतो, कारण त्याला माल लवकर पुढें ढकलावयाचा असतो.

प्रतीचा प्रश्न याहून वाईट आहे. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेंत सल्फाइटवर्गांतील जीं द्रव्यें अन्नाकरितां नोंदलेलीं आहेत त्यांत हायड्रॉसचें नांव नाहीं. बाजारांत मिळणारी भुकटी बहुधा कारखान्यांकरितां केलेली असते, आणि तिच्या जडधातूंची तपासणी अन्नाच्या दृष्टीनें झालेली नसते. कांहीं ठिकाणीं मळी काढण्यास खताचें सुपर फॉस्फेटही रसांत घालतात. खताच्या प्रतींत फ्लोराइड व कॅडमियम असूं शकतात. जें आपण जमिनीला देतों तें काईलींत ओतूं नये, हें सांगण्यास रसायनशास्त्र कशाला पाहिजे!

मग रंगाचें काय करावें? गुळाचा रंग अर्धा शेतांतच ठरतो. नत्राचा मारा फार झालेला, खारवट जमिनींतला, किंवा अपक्व ऊंस आणला तर कसबी गुळव्याच्याही हातून गूळ काळा, मऊ व खारट होतो. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊंस व गूळ संशोधन केंद्राकडून गुळासाठीं को ९२००५ ही जात आली आहे. तोडीची वेळ साधली तर तिचा गूळ चांगला उतरतो. ऊंस तोडल्यावर होतां होईल तों त्याच दिवशीं गाळावा, कारण पडून राहिलेल्या उंसांतील साखर फुटते. रस गाळून घ्यावा, चरकाचीं भांडीं धुवावीं. रानभेंडीचा चिकट रस घातला म्हणजे मळी एकत्र येऊन वर तरंगते, ती उकळी फुटण्यापूर्वीं सावकाश काढावी. या एका कामांत घाई केली कीं पुढें कोणतीही भुकटी उपयोगी पडत नाहीं. चुन्याची निवळी बेतानें घातल्यास रसाचा आंबटपणा मोडतो व गूळ कणीदार होतो, जास्त झाल्यास तोच गूळ तांबडा पडतो. शेवटीं जाळ आवरावा. थंड पाण्यांत टाकलेल्या पाकाची कडक गोळी होतांच काईल उतरावी, नाहीं तर गूळ करपतो.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. हल्लीं शहरांत काळा गूळ म्हणजे शुद्ध गूळ, अशी एक समजूत पसरत आहे व काळ्या गुळास चढा भावही मिळतो. काळेपणा करपल्यानें येतो, मळी राहिल्यानें येतो, वाईट उंसानेंही येतो. गुळांत सल्फाइट आहे कीं नाहीं, हें डोळ्यांनीं कळत नाहीं. तें प्रयोगशाळेंतच कळतें.

हें सर्व करूनही सौद्यांत चार पैसे कमी येतील, हें आम्ही लपवीत नाहीं. एकट्या शेतकऱ्यानें हायड्रॉस सोडलें तर तोटा त्याचा एकट्याचा होतो आणि शेजाऱ्याची ढेप वर बसते. म्हणून ही गोष्ट गांवच्या संस्थेनेंच हातीं घेण्यासारखी आहे. आठ-दहा गुऱ्हाळांनीं मिळून माल निराळा ठेवावा, त्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासून दाखला घ्यावा, आणि तो माल रंगाच्या ओळींत न मांडतां दाखल्यासह विकावा. कोल्हापुरी गुळास २०१४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. त्या नांवाची किंमत टिकवावयाची ती अशाच मालावर टिकेल.

बेदाणेवाल्यांस दोन शब्द. धुरी देतांना गंधक व बेदाणा दोन्ही तोलून घ्यावे आणि प्रत्येक खेपेची नोंद वहींत ठेवावी. अंदाजानें टोपली ओतण्याची रीत सोडावी. गंधक खाण्याच्या मालासाठीं योग्य अशा शुद्ध प्रतीचें असावें. धुरीची खोली उघडल्यावर वायु पुरता निघून जाईपर्यंत कोणासही आंत पाठवूं नये. दमा असलेल्या माणसास, मग तो घरचा असो कीं रोजंदारीचा, हें काम मुळींच देऊं नये. त्याला जाळ्या झाडण्याचें किंवा माल निवडण्याचें काम द्यावें, तेंही खोलीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगास.