गंजलेल्या केबलमध्ये किती ताकद शिल्लक आहे?

खांदेश्वरला राहणाऱ्यांना गंज नवा नाही. खाडीकडची दमट हवा, त्यामुळे खिडकीची ग्रिल सारखी रंगवावी लागते. पण ग्रिलचा गंज निदान दिसतो. १९७३ साली खुल्या झालेल्या वाशीच्या जुन्या खाडीपुलात प्रीस्ट्रेसिंग केबल काँक्रीटच्या आत गंजल्या होत्या. झुलत्या पुलाच्या केबलमध्येही आतल्या तारांचा गंज बाहेरून दिसत नाही. मग उरलेली ताकद मोजायची कशी?

मोरबीचं उदाहरण घेऊ. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मच्छू नदीवरचा जुना झुलता पूल तुटला आणि १३५ माणसं गेली. दुरुस्तीनंतर पूल सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार तुटलेल्या मुख्य केबलमध्ये ४९ तारा होत्या. त्यातल्या २२ गंजलेल्या होत्या आणि बहुधा आधीच तुटलेल्या होत्या. वर लाकडी फळ्यांऐवजी ॲल्युमिनियमचं डेक बसवल्याने पुलाचं वजन वाढलं होतं.

आता साधी आकडेमोड करू. समजा, मूळ फॅक्टर ऑफ सेफ्टी ३ होता (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). ४९ पैकी २७ तारा उरल्या, म्हणजे ५५ टक्के. फॅक्टर १.६५ वर आला. भार २० टक्क्यांनी वाढवला तर साधारण १.४. म्हणजे कागदावर पूल अजून सुरक्षितच!

चूक कुठे आहे? उरलेल्या २७ तारा नव्यासारख्या आहेत, असं आपण गुपचूप धरून चाललो. प्रत्यक्षात त्यांच्यावरही गंजाचे खड्डे असतात, खड्ड्याशी ताण एकवटतो, भेगा वाढतात. सगळ्यात कमकुवत तार आधी तुटते आणि तिचा भार शेजारच्या तारांवर जातो. म्हणून नुसती सरासरी पुरत नाही. ताकद तारागणिक किती बदलते, तेही लागतं.

त्यासाठी केबल उघडावीच लागते. मोठ्या पुलांवर आवरण काढून, पाचरी ठोकून तारा विलग करतात, गंजाच्या तीव्रतेनुसार त्यांचे गट पाडतात आणि नमुने प्रयोगशाळेत ताणून तोडतात. स्कॉटलंडच्या फोर्थ रोड पुलाच्या (१९६४) केबल अशाच उघडल्या, तेव्हा ८ ते १० टक्के ताकद गेल्याचा अंदाज निघाला. पुढे केबलमध्ये कोरडी हवा सोडण्याची यंत्रणा बसवली.

इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. कोरडी हवा गंज थोपवते, गेलेली ताकद परत आणत नाही. रंगाने तर आतला गंज नुसता झाकला जातो. ताकद कमी पडत असेल तर भार कमी करा, जोडीला नवी केबल द्या किंवा जुनी बदला. आणि डेक बदलायचं असेल तर आधी केबल तपासा, नंतर डेकला हात लावा.

संशोधनाला बसाल तेव्हा प्रत्येक सूत्राला हाच प्रश्न विचारा : जे उरलंय ते कोणत्या अवस्थेत आहे, आणि ते मी मोजलंय की नुसतं धरून चाललोय?