एक रायफल, दोन नळ्या: नेम हलतो कुठे?

लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नाही, अशांसाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजमधून आला. त्याचा मामेभाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याने तिथे दोन कॅलिबरची एअर रायफल घेतली. पहिल्या नळीने नेम मस्त बसला होता. हौसेने दुसरी नळी लावली, आणि छर्रे भलतीकडेच जायला लागले. प्रश्न दोन: रायफल बिघडली का? आणि सुट्टीवर येताना तो ती इकडे आणू शकेल का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: बिघडलेली नाही. दुसऱ्याकडे शेवटी येऊ.

दोन कॅलिबर म्हणजे नक्की काय?

अमेरिकेत बीमनसारख्या कंपन्या अशा रायफली विकतात. दस्ता एक, स्प्रिंग एक, स्कोपही एकच. नळ्या मात्र दोन: .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटर आणि .२२ म्हणजे ५.५ मिलिमीटर. लहान छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, मोठा जवळपास एक ग्रॅमचा. ढकलणारी स्प्रिंग तीच. त्यामुळे हलका छर्रा वेगात आणि सपाट जातो, जड छर्रा हळू जातो आणि लवकर खाली येतो.

आता गंमत बघा. स्कोप नळीवर नसतो, रायफलच्या अंगावर असतो. नळी बदलली तरी स्कोप आधी बघत होता तिकडेच बघतो. पण नवी नळी केसभर जरी वेगळी बसली, तरी २५ मीटरवर तो फरक चांगला बोटभर होतो. म्हणून नळी बदलली की नेम पुन्हा बसवायचाच. यालाच झिरो करणं म्हणतात.

झिरो करायचं कसं?

आधी दस्त्याचे आणि स्कोपचे स्क्रू तपासा. स्प्रिंगच्या रायफलीला पुढे-मागे दोन्हीकडे झटका बसतो, त्यात ते सैल होतात. अर्धे लोक इथेच फसतात आणि दोष स्कोपला देतात.

मग १० मीटरवर मोठा कागद लावा. मागे छर्रा अडेल अशी भक्कम आड हवी आणि डोळ्यांवर चष्मा. रायफल घट्ट आवळू नका, हातावर नुसती टेकू द्या. आवळली की प्रत्येक झटका वेगळा बसतो.

एका छर्र्यावरून काही ठरवायचं नाही. एकाच जागी नेम धरून पाच छर्रे मारा, त्यांचा पुंजका बघा आणि त्याचा मध्य धरा. पुंजकाच विखुरलेला असेल, तर स्कोप फिरवून काही होणार नाही. आधी छर्र्याचा ब्रँड बदलून बघा.

पुंजका घट्ट आला की हिशोब करा. बऱ्याच स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन, म्हणजे २५ मीटरवर साधारण १.८ मिलिमीटर. पुंजका ३६ मिलिमीटर खाली असेल तर २० क्लिक वर. १० मीटरवर तेवढ्याच चुकीला ५० क्लिक लागतील. म्हणून १० वर कामचलाऊ बसवा आणि २५ वर पक्कं करा. दोन्ही नळ्यांचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी सुरुवात तिथून होईल, पण पाच छर्रे मारून खात्री करायचीच.

दोन गोष्टी विसरू नका. छर्रा भरताना उघडलेली नळी एका हाताने धरून ठेवा. ती अचानक मिटली तर बोटं जातात. आणि दोन्ही छर्र्यांचे डबे वेगळे ठेवा. लहान छर्रा मोठ्या नळीतून सरळ घरंगळतो. मग रायफल रिकामी चालवल्यासारखी होते आणि स्प्रिंगची वाट लागते.

आता इकडे आणायचं काय?

भारतात शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. एअर रायफलची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा ऊर्जा २० ज्युलपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. म्हणजे .२२ ची नळी आली की परवाना आलाच.

"मग फक्त .१७७ ची नळी आणू," असं म्हणाल. थांबा. अशा दणकट रायफलीच्या खोक्यावर सेकंदाला १,००० फुटांचा, म्हणजे ३०५ मीटरचा दावा असतो. शाळेतलं सूत्र आठवा: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याला उत्तर येतं साधारण २३ ज्युल. म्हणजे लहान नळीसुद्धा मर्यादेबाहेर! तेव्हा भावाला सांगा, ती तिकडेच राहू दे. परवान्याशिवाय बॅगेत घालून आणलेली रायफल म्हणजे विमानतळावरच शस्त्र कायद्याची भानगड.

नेमबाजीची खरंच आवड असेल तर जवळच्या रायफल क्लबमध्ये जा. ऑलिंपिकची १० मीटर एअर रायफल .१७७ चीच असते. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील त्याच प्रकारात जगज्जेता झाला. आणि गावाकडे एअरगन असेल, तर पाखरांवर नेम धरू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. कागदावरचा नेम जास्त अवघड असतो, करून बघा.

भेटू पुढच्या भागात!