बेगमेची कोठी आणि भाड्याचा कायदा

दिल्लीच्या चांदनी चौकातील भगीरथ पॅलेस म्हणजे विजेच्या सामानाचा घाऊक बाजार. लोंबणाऱ्या तारांच्या जाळ्यातून वर पाहिले, तर ग्रीक धाटणीचे उंच खांब दिसतात. सरधन्याच्या बेगम समरूची ही कोठी. १८३६ मध्ये बेगम निवर्तली. पुढे येथे दिल्ली बँक आली. ११ मे १८५७ रोजी, दिल्लीतील उठावाच्या पहिल्याच दिवशी, ती लुटली गेली आणि व्यवस्थापक बेरेस्फर्ड सहकुटुंब मारले गेले. विसाव्या शतकात येथे लॉइड्स बँक होती. १९४० मध्ये भगीरथमल यांनी कोठी विकत घेतली.

इतिहासाचा विद्यार्थी असताना येथे संग्रहालय व्हावे, असे मला वाटे. शासकीय सेवेने तो भ्रम दूर केला. या कोठीला बँकेने आणि बाजारानेच उपयोगात ठेवले. व्यापार हा वारशाचा शत्रू नव्हे. देखभालीचा भार न उचलणारा व्यापार मात्र निश्चितच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये या बाजारातील आग कित्येक दिवस धुमसत राहिली आणि शंभराहून अधिक दुकानांना झळ पोहोचली. अरुंद गल्ल्यांत अग्निशमनाचे बंब शिरणेही कठीण होते.

दुरुस्तीचा खर्च करावा कोणी? १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने डागडुजी मालकावर सोपवली. परंतु मासिक ३,५०० रुपयांपर्यंतची भाडी आजही त्याच्या संरक्षणाखाली आहेत. एवढ्या उत्पन्नात चुन्याचा गिलावा करणारा कारागीर कोठून आणायचा? १९९५ मध्ये संसदेने नवा कायदा संमत केला, राष्ट्रपतींची मान्यताही मिळाली. व्यापारी भाडेकरूंच्या विरोधापुढे तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र कधीच निघाली नाही.

त्याच १९९५ मध्ये मुंबईने वारसा नियमावली केली आणि वारसा वास्तूंच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्कांचा मार्ग खुला झाला. तेथील हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये २०१२ पासून कॉफीगृह चालते आणि दर्शनी भागाचा तोल ढळलेला नाही.

दिल्लीलाही असाच व्यवहार्य करार हवा. वारसा वास्तूतील व्यापारी भाडे टप्प्याटप्प्याने बाजारभावाकडे न्यावे आणि वाढीव रकमेचा ठरावीक हिस्सा त्याच वास्तूच्या दुरुस्तीसाठी व अग्निसुरक्षेसाठी राखून ठेवावा. जुन्या दुकानदाराला हुसकावू नये. पण ज्या छपराखाली तो कमावतो, त्याचा खर्च त्याच्या हिशेबात यायलाच हवा. बँकेच्या वास्तूला तरी हा हिशेब परका वाटू नये.